सिरियम नायट्रेट : गॅसबत्तीच्या राखेपासून जळिताच्या मलमापर्यंत

(द्वितीय वर्ष, कला)

शास्त्रात काही नावे अशी पडून गेली आहेत की, ती चुकीची आहेत हे ठाऊक असूनही कोणी बदलत नाही. 'विरल मृत्तिका' हे त्यांपैकी एक. मराठी परिभाषेत विरल मृत्तिका या नावाने ओळखली जाणारी ही सतरा मूलद्रव्ये विरलही नाहीत आणि मृत्तिका तर मुळीच नाहीत; ते सर्व धातू आहेत. त्यांतील सिरियम या धातूचे पृथ्वीच्या कवचातील प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ६० भाग, म्हणजे जवळजवळ तांब्याइतके आणि शिशाच्या चौपट आहे. तांब्याची घागर घरोघरी आणि सिरियम मात्र 'विरल'! असे का व्हावे? तर तांबे एका ठिकाणी साठून खाणीत सापडते आणि सिरियम आपल्या भाऊबंदांत असे मिसळून बसलेले असते की त्याला वेगळे काढता काढता रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या गेल्या. राहता राहिली मृत्तिका. जो पदार्थ पाण्यात विरघळत नाही आणि आगीत टाकला तरी बदलत नाही, त्याला जुने युरोपीय रसायनशास्त्रज्ञ 'माती' म्हणत. आज आपण त्याला ऑक्साइड म्हणतो. नाव तेवढे मागे उरले.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने रसायनात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला पहिले उत्तर असे की, मी या विषयाकडे आले ती शब्दांच्या वाटेने. दुसरे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. प्रस्तुत लेखात सिरियम नायट्रेट या एकाच लवणाचा विचार केला आहे. कारण विरल मृत्तिकांची बहुतेक कथा या एका लवणाच्या द्रावणातून गेलेली आहे.

सिरियम हे नाव आकाशातून आले. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथून ज्युसेप्पे पियाझ्झी याने मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान एक नवे ज्योतिपिंड पाहिले आणि त्याला रोमन लोकांच्या धान्यदेवतेचे, सेरेसचे, नाव दिले. दोनच वर्षांनी, १८०३ मध्ये, स्वीडनमधील बास्टनेस येथील खाणीतल्या एका जड दगडातून एक नवी 'मृत्तिका' निघाली. ती काढणारे दोघे म्हणजे यन्स याकोब बर्झेलियस आणि व्हिल्हेल्म हिसिंगर. त्याच सुमारास बर्लिनमध्ये क्लापरोट यानेही स्वतंत्रपणे तीच काढली. बर्झेलियस तेव्हा चोविशीतला होता. हिसिंगरची हकीकत तर आपणा विद्यार्थ्यांना विशेष वाटावी अशी आहे. खाण त्याच्या घराण्याची होती. शाळकरी वयात त्याने हा दगड त्या काळचा थोर रसायनशास्त्रज्ञ शेले याच्याकडे तपासायला धाडला होता आणि शेलेला त्यात नवे काहीच आढळले नव्हते. मोठ्या माणसाने 'काही नाही' म्हणून परत केलेला दगड या मुलाने टाकून दिला नाही! नव्या मृत्तिकेला नव्या ज्योतिपिंडाचे नाव मिळाले. शुद्ध धातू हाती यायला मात्र १८७५ साल उजाडावे लागले.

आता लवणाकडे वळू. सिरियमचे ऑक्साइड, कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड नत्राम्लात, म्हणजे नायट्रिक अम्लात, विरघळवले (जरूर तेथे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे लागते, त्याचे कारण पुढे येईल) आणि ते द्रावण आटवून थंड होऊ दिले की खडीसाखरेसारखे रंगहीन स्फटिक जमतात. त्यांतील प्रत्येक सिरियम अणूमागे तीन नायट्रेट गट आणि पाण्याचे सहा रेणू असतात. रेणुभार सुमारे ४३४. हे स्फटिक पाण्यात अतिशय सहज विरघळतात, अल्कोहोलातही विरघळतात. हवेतले पाणी ओढून घेण्याचा त्यांचा गुण इतका प्रबळ आहे की, पावसाळ्यात बरणीतले खडेमीठ जसे पाझरते तसे हे झाकण उघडे राहिल्यास पाझरू लागतात. नायट्रेट असल्यामुळे ते स्वतः जळत नाहीत, पण जळणाऱ्याला प्राणवायू पुरवून आग भडकवतात. म्हणून प्रयोगशाळेत त्यांना कागद, कापूस, लाकूड यांच्यापासून दूर ठेवतात. हा गुण लक्षात ठेवावा, कारण पुढे कापूस आणि हे लवण यांची मुद्दाम गाठ घालून दिलेली दिसेल.

हे लवण तापवले तर काय होते? आधी पाणी निघून जाते. मग नायट्रेट फुटते, तांबूस-तपकिरी वाफा निघतात (हा नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी वायू) आणि मागे फिकट पिवळसर पांढरी भुकटी राहते. ही भुकटी म्हणजे सिरियम डायऑक्साइड. शंभर ग्रॅम लवण भाजले तर सुमारे चाळीस ग्रॅम भुकटी उरते. आता ती दोन हजार अंश सेल्सियसपर्यंत तापवली तरी वितळत नाही. पाण्यात चटकन विरघळणारा स्फटिक एका भाजण्यात न विरघळणारी, न वितळणारी 'माती' होतो, हे या लवणाचे पहिले मर्म होय.

दुसरे मर्म त्याच्या संयुजेत आहे. विरल मृत्तिकांतील मूलद्रव्ये एकमेकांसारखी का, तर त्यांच्यातील फरक अणूच्या आतल्या घरात लपलेला असतो. बाहेरच्या दारातले इलेक्ट्रॉन सर्वांचे सारखे. नवा इलेक्ट्रॉन येतो तो आतल्या, रसायनशास्त्रात '४ एफ' म्हटल्या जाणाऱ्या खोलीत जाऊन बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला चौदा-पंधरा भाऊ एकाच चेहऱ्याचे दिसावेत तसा हा प्रकार आहे. सगळे भाऊ साधारणपणे तीन इलेक्ट्रॉन देऊन त्रिसंयुजी होतात. सिरियमच्या आतल्या खोलीत मात्र एकच इलेक्ट्रॉन आहे आणि योग्य ऑक्सिडीकारक भेटला तर तो तोही देऊन टाकतो. मग उरते ती झेनॉन या निष्क्रिय वायूसारखी भरलेली, स्वस्थ रचना. अशा रीतीने सिरियम त्रिसंयुजीही असतो आणि चतुःसंयुजीही. त्रिसंयुजी द्रावण रंगहीन, चतुःसंयुजी पिवळे ते नारिंगी. वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उल्लेख केला तो यासाठी, की अम्लात ते चतुःसंयुजी सिरियमला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा त्रिसंयुजी करते. हे जाणे-येणे हाच सिरियमच्या निम्म्या उपयोगांचा पाया आहे.

या भावंडांची ताटातूट करण्याचे काम प्रथम नायट्रेटनेच केले. १८३९ मध्ये स्टॉकहोम येथे कार्ल गुस्ताफ मोसांडर याने सिरियम नायट्रेट म्हणून जे लवण होते ते भाजले आणि उरलेल्या भुकटीवर सौम्य नत्राम्ल ओतले. सिरियमचे ऑक्साइड तळाशी राहिले, पण थोडा भाग विरघळून गेला! तो निराळाच पदार्थ होता. त्याला नाव दिले लँथॅनम. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'दडून राहणे'. १८४१ मध्ये त्या दडलेल्याच्याही आत आणखी एक दडलेला सापडला, त्याला मोसांडरने 'डिडिमियम', म्हणजे जुळा, असे म्हटले. गंमत अशी की, हे नाव त्याला माहीत नसलेल्या अर्थाने खरे ठरले. डिडिमियम हे एक मूलद्रव्य नव्हतेच. ते खरोखर दोन भाऊ होते. हे सिद्ध करायला चव्वेचाळीस वर्षे लागली, आणि ते करणारा माणूस म्हणजे ऑस्ट्रियाचा कार्ल आउअर फोन वेल्सबाख.

आउअर हायडेलबर्गला बुन्सेनचा शिष्य होता. बुन्सेनचा दिवा विज्ञानशाखेच्या आपल्या मित्रांना परिचित आहेच. व्हिएन्नाला परतल्यावर त्याने डिडिमियमचे अमोनियमसह जोडनायट्रेट बनवले, ते आटवले, स्फटिक जमू दिले, वरचे द्रावण काढले, स्फटिक पुन्हा विरघळवले, पुन्हा आटवले. असे शंभरावर वेळा. दर वेळी दोन भावांपैकी एक किंचित जास्त स्फटिकात जाई आणि दुसरा किंचित जास्त द्रावणात राही. अखेर १८८५ मध्ये एका बाजूला हिरवी लवणे आली आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी-जांभळी. हिरवा जुळा म्हणजे प्रासिओडिमियम, आणि नवा जुळा निओडिमियम. निओडिमियम आज शक्तिमान चुंबकांत असतो आणि कानात घालायच्या छोट्या ध्वनियंत्रापासून पवनचक्कीपर्यंत सर्वत्र आहे. शंभरावर वेळा तेच काम! आजचे कारखाने हेच काम द्रावणाला दुसऱ्या न मिसळणाऱ्या द्रवाबरोबर टाक्यांच्या लांबलचक रांगांतून घुसळून करतात, पण तत्त्व तेच, थोड्याशा फरकाला पुन्हा पुन्हा साठवत नेण्याचे.

याच कामाच्या ओघात आउअरच्या ध्यानात आले की, सुती धागा या लवणांच्या द्रावणात भिजवून ज्योतीत धरला तर कापूस जळून जातो, पण धाग्याचा आकार तसाच राहतो आणि तो लखलखतो. येथूनच गॅसबत्तीच्या मेंटलचा जन्म झाला. इंग्रजीत मॅन्टल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. जर्मन लोक त्याच वस्तूला 'ग्ल्यूश्ट्रुम्फ', तापून उजळणारा मोजा, म्हणतात. मला जर्मन नाव अधिक रास्त वाटते.

पहिले एकस्व त्याने १८८५ मध्ये घेतले. त्या मेंटलचा प्रकाश हिरवट होता आणि ती फार नाजूक होती; लोकांनी ती नाकारली, कारखाना बंद पडला. आउअरने मग थोरियम नायट्रेट घेतले. थोरियम विरल मृत्तिकांत मोडत नाही, पण त्यांच्याच खनिजात सापडतो. आता येथे एक विलक्षण गोष्ट घडली. अशुद्ध थोरियमचा प्रकाश चांगला पडे. आउअर त्याला जसजसा शुद्ध करीत गेला तसतसा प्रकाश मंदावत गेला. म्हणजे उजेड ज्याच्यामुळे येत होता तो थोरियम नव्हता, तर त्यातली भेसळ होती. ती भेसळ सिरियमची निघाली. प्रमाण पाहता पाहता तो ९९ भाग थोरियम आणि १ भाग सिरियम यावर स्थिरावला, आणि १८९१ पासून या मेंटलने युरोपातील रस्ते उजळून टाकले.

एकच भाग का? थोरियमचे ऑक्साइड ज्योतीत तापते, पण स्वतः फारसे काही बाहेर टाकत नाही. उष्णतेच्या रूपाने किरण टाकण्यात ते कंजूष आहे, म्हणून त्याची जाळी ज्योतीइतकीच तप्त राहू शकते. सिरियमचे ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशात उदार आहे. थोरियमच्या तप्त सांगाड्यावर सिरियमचा किंचित हात फिरवला की त्या उष्णतेचे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर होते. सिरियम जास्त घातला तर तो इतके किरण बाहेर टाकतो की जाळीच थंडावते आणि उजेड कमी होतो. फार कमी घातला तर उजेड देणाराच कोणी नाही. स्वयंपाकातल्या हिंगाची उपमा देण्याचा मोह होतो, पण हिंग जास्त झाला तर आमटी थंड होत नाही!

महाराष्ट्रात मेंटल आली ती रॉकेलच्या दाबावर चालणाऱ्या बत्तीतून. बर्लिनच्या एरिख आणि ग्रेट्झ या कंपनीच्या माक्स ग्रेट्झ यांच्या नावावरून पडलेले 'पेट्रोमॅक्स' हे नाव पुढे आपल्याकडे सर्वच बत्त्यांना चिकटले. (ओगलेवाडीचा 'प्रभात' कंदील हा वातीचा, त्यात सिरियमचा काही संबंध नाही. दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितले.) लग्नाची वरात, तमाशाचा तंबू, गणपतीचा मांडव, रात्रीचे भजन, सगळे याच उजेडात होई.

आता दुसरे उत्तर. माझी आजी ऐन उमेदीत वरातीच्या बत्त्या डोक्यावर वाहण्याच्या रोजावर जात असे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे दोन्ही बाजूंनी बायांची रांग. बत्ती तापली की चुंबळीखालचे केसही तापत, आणि मिरवणूक थांबली तरी बत्ती खाली ठेवायची सोय नसे. आजीला अक्षर येत नाही. पण मेंटलचे तिला जे ठाऊक होते ते मला बारावीच्या पुस्तकात मिळाले नाही. नवी मेंटल कशी बांधावी, पहिल्यांदा पेटवताना ती आधी काळी पडते, मग आक्रसते, मग पांढरी होते; त्यानंतर तिला बोट लागता कामा नये, वाऱ्याचा झोत लागता कामा नये, बत्ती आपटता कामा नये. मी पुस्तक घेऊन बसले असता तिने विचारले, "पोरी, ती मेंटल जळून राख होती. मग राखंला उजेड कसा काय पडतो?" हा प्रश्न आउअरच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. मी तिला सांगितले ते असे : मेंटल आणतो तेव्हा ती या लवणांत भिजवून वाळवलेल्या सुताची असते. पहिल्या पेटवणीत सूत जळून जाते, नायट्रेट फुटते आणि सुताच्या जागी, सुताच्याच विणीची, न जळणाऱ्या मातीची जाळी राहते. म्हणून ती आक्रसते, म्हणून ती बोटाने मोडते. उजेड त्या मातीचा. आजी म्हणाली, "म्हंजी आम्ही डोक्यावर मातीच व्हायलो." मला यावर काही बोलता आले नाही.

एक गोष्ट मात्र तिला सांगणे मला अवघड गेले, ती येथे लिहिते. थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४०० कोटी वर्षे, म्हणजे तो अत्यंत सावकाश फुटतो. त्याच्या मुख्य किरणांना काही सेंटिमीटर हवा आणि अंगावरची कातडी अडवू शकते. बत्तीच्या उजेडात बसणाऱ्याला किंवा ती वाहणाऱ्याला बाहेरून होणारा मारा अल्प असतो. पण मोडलेल्या मेंटलची राख नाकातोंडावाटे आत गेली तर तेच किरण आतून मारा करतात. जुनी मेंटल फुंकर मारून उडवणे, तिची राख हाताने पुसून त्याच हाताने भाकरी खाणे, या गोष्टी सर्रास चालत. जे लोक कारखान्यात हे द्रावण रोज हाताळत त्यांची काळजी तर याहून मोठी. सिरियमकडे हा दोष नाही. अनेक देशांत आता मेंटलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम हे विरल मृत्तिका कुलातील मूलद्रव्य वापरतात. प्रकाश थोडा कमी पडतो, पण किरणोत्सर्गाची भीती नाही.

हे थोरियम आणि सिरियम येत कोठून होते? येथे आपला देश कथेत प्रवेश करतो, आणि तोही काथ्याच्या दोरीला धरून. मेंटलच्या धंद्याला मोनाझाइट नावाच्या जड वाळूची भूक होती व ती ब्राझीलमधून भागवली जाई. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला मोनाझाइट दिसले. त्याने १९०९ मध्ये तिचा उगम मनवलाकुरिची येथील किनाऱ्यावर शोधून काढला. तो भाग आज तमिळनाडूत आहे. केरळातील चवराचा किनाराही असाच संपन्न आहे. (आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण ती मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे टिटॅनियमची.) पुढे कित्येक वर्षे ही वाळू जशीच्या तशी बाहेर जात राहिली, आपली वाळू, त्यांचा कारखाना आणि मेंटल आपल्यालाच विकत! स्वातंत्र्यानंतर हे थांबले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे कारखाना सुरू झाला. तेथे मोनाझाइट दाहक सोड्याबरोबर तापवून त्यातील फॉस्फेट काढून घेत, मग विरल मृत्तिका हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळवत आणि न विरघळलेला थोरियमचा लगदा आपल्या मुंबईत, तुर्भ्याला, पाठवत. १९५५ मध्ये तुर्भे येथे सुरू झालेल्या कारखान्यात त्या लगद्यापासून थोरियम नायट्रेट बनू लागले. म्हणजे त्यानंतरच्या काळात गावोगावच्या वरातीतल्या उजेडाचा एक टोक तुर्भ्याला होता.

मेंटलवर बरीच पाने गेली. पण आउअरची आणखी एक वस्तू सांगून पुढे जाऊ. मेंटलसाठी थोरियम काढून घेतल्यावर सिरियमचा ढीग उरे. त्याचे काय करावे? आउअरने सिरियमप्रधान मिश्रधातूत सुमारे तीस टक्के लोखंड मिसळले. तो तुकडा घासला की ठिणग्या उडतात. १९०३ चे हे एकस्व. सिगारेट लायटरमधला चकमकीचा 'खडा' तो हाच. चकमक हा शब्द आपण गारगोटीच्या काळापासून वापरतो, आता त्यात गारगोटी उरलेली नाही.

नायट्रेटचे दुसरे, नारिंगी रूप म्हणजे सिरिक अमोनियम नायट्रेट. यात सिरियम चतुःसंयुजी असतो आणि त्याच्याभोवती सहा नायट्रेट गट, प्रत्येक गट दोन-दोन हातांनी धरून बसलेला. म्हणजे सिरियमला बारा हातांचा वेढा. इतकी मोठी पंगत बसवून घेणारे अणू थोडेच आहेत. हे लवण प्रबळ ऑक्सिडीकारक आहे. त्याच्या पिवळ्या द्रावणात अल्कोहोलाचे काही थेंब टाकले की रंग लाल होतो. अल्कोहोल ओळखण्याची ही कसोटी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या परवानगीने मला पाहायला मिळाली. इलेक्ट्रॉनिक उद्योगात काचेवरील क्रोमियमचा पातळ थर हवा तेथेच खरवडण्यासाठीही हेच द्रावण वापरतात.

याच सिरियमच्या जाण्या-येण्यातून रसायनशास्त्रातील एक मोठा वाद उभा राहिला. मॉस्कोचा बोरिस बेलोसोव्ह सायट्रिक अम्ल, ब्रोमेट आणि सिरियमचे लवण अम्लयुक्त पाण्यात मिसळून पाहत होता. द्रावण पिवळे झाले, मग रंगहीन झाले, आणि मग कोणी काही न घालता पुन्हा पिवळे झाले! घड्याळाच्या लंबकासारखे ते हेलकावे घेत राहिले. १९५१ मध्ये त्याने हे लिहून नियतकालिकाकडे पाठवले तर 'असे घडणे अशक्य' म्हणून ते परत आले. रसायनक्रिया एकाच दिशेने उतरत जाते, मागे फिरत नाही, हा सर्वांचा दृढ समज. अखेर १९५९ मध्ये एका फारसे कोणी न वाचणाऱ्या संग्रहात दोन पानांत ते छापून आले. पुढे अनातोली झाबोटिन्स्की या तरुण विद्यार्थ्याने १९६१ पासून तो प्रयोग हाती घेतला आणि तो खरा ठरवला. क्रिया एकंदरीत उतारानेच जाते, केवळ वाटेतले पदार्थ वरखाली होतात, हा उलगडा झाला. १९८० मध्ये या कामाला लेनिन पारितोषिक मिळाले तेव्हा बेलोसोव्हला जाऊन दहा वर्षे झाली होती.

मोटारीच्या धुराविषयी थोडक्यात. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक नळकांड्यात सिरियमचे ऑक्साइड असते आणि ते बसवण्यासाठी पुष्कळदा सिरियम नायट्रेटचेच द्रावण वापरून ते भाजतात. धुरात प्राणवायू जास्त असेल तेव्हा हे ऑक्साइड तो साठवते, कमी पडला की परत देते, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड जाळायला मदत करते. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना असे नळकांडे सक्तीचे झाले.

शेवटी जो उपयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. रॉकेलचा स्टोव्ह भडकून भाजलेली बाई हे आपल्या घरांतले आणि वर्तमानपत्रांतले जुने, ओळखीचे वृत्त आहे. आपण वाचून पान उलटतो. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला मृत्यू येतो तो पुष्कळदा त्याच दिवशी नव्हे, तर काही दिवसांनी. कारण जळलेली कातडी जंतूंचे माहेर बनते आणि रक्षणाची यंत्रणाच कोलमडते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी असे दाखवले की, जळालेल्या कातडीतील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचा एक संयोग तयार होतो व तो शरीराची प्रतिकारशक्ती दाबून टाकतो. १९७६ मध्ये अमेरिकेतील विल्यम मोनाफो यांनी मोठ्या जळितांवर सिरियम नायट्रेट लावण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे ते सिल्व्हर सल्फाडायझिन या चांदीयुक्त औषधाबरोबर मलमात घालू लागले. चांदीचे औषध एक टक्का आणि सिरियम नायट्रेट २.२ टक्के. सिरियम त्या घातक संयोगाला बांधून ठेवतो, असे मानतात. डोळ्यांना दिसणारा परिणाम असा : मऊ, कुजू पाहणारी जळकी कातडी चामड्यासारखी घट्ट, हिरवट-पिवळ्या रंगाची होते आणि जखमेवर कवचासारखी बसून राहते.

हे कवच शल्यविशारदाला उसंत देते. सर्व जळकी कातडी एकदम कापून काढणे ज्याला सोसणार नाही अशा वृद्धाची किंवा अशक्त रोग्याची शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने करता येते. आरंभीच्या काही तुलनांत मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले. नंतरच्या सर्वच पाहण्यांत तसे निष्पन्न झाले नाही. म्हणून हा रामबाण नव्हे. युरोपातील काही देशांत ते जळितविभागांत वापरले जाते. त्याला एक धोकाही आहे, आणि तो सिरियमचा नसून नायट्रेटचा आहे : क्वचित नायट्रेट जखमेतून रक्तात शिरून, नायट्राइट बनून, तेथील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करते, तेव्हा रोग्याचे ओठ व नखे निळसर पडतात. अशा वेळी मलम थांबवून मेथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग शिरेतून देतात. कवच पुढे काढावेच लागते आणि उघड्या जागेवर रोग्याच्याच शरीरावरची कातडी बसवावी लागते. ती पुरेशी नसेल तर मरणोत्तर दान केलेली त्वचा तात्पुरती पांघरतात. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी त्वचापेढी आहे, आणि त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढून घ्यावी लागते.